डब्यापुढची बिअर आणि मालदांडीचं माल्ट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरी बिअर करण्याच्या तयार किटबद्दल हल्ली मराठीत बरंच लिहिलं आणि दाखवलं जातं. डबा उघडा, साखर घाला, पाणी ओता, यीस्ट भुरभुरा आणि दोन आठवडे थांबा. इथवर सगळे सांगतात. त्यापुढे काय करायचं हे फारसं कोणी सांगत नाही, आणि महाराष्ट्रातला कायदा काय म्हणतो हे तर बहुतेक जण गाळूनच टाकतात. दोन्ही गोष्टी आकड्यांसह छापल्या जाव्यात म्हणून हे पत्र. ते लांबलं आहे, पण या विषयात अर्धी माहिती नुसत्या अज्ञानापेक्षा जास्त नुकसान करते.

आधी कायदा. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. कलम ६५ खाली तुरुंगवास आणि दंड दोन्ही होऊ शकतात. 'थोडीच, घरच्यापुरती, विकायची नाही' म्हणून सुटका नाही. मायक्रोब्रुअरीला, म्हणजे बिअर करणाऱ्या छोट्या कारखान्याला, परवाना मिळतो, घराच्या ओट्याला मिळत नाही. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरवरचं परवान्याचं बंधन १९६३ साली उठलं. अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्याने दर प्रौढ माणसामागे वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर, करमुक्त झाले. तेव्हा खाली यीस्ट घालण्याबद्दल आणि त्यानंतरचं जे काही आहे, ते अशा देशांत राहणाऱ्या सोलापूरकरांसाठी. यीस्टच्या आधीचं काम, म्हणजे धान्य भिजवणं, मोड आणणं, वाळवणं आणि त्यातल्या पिठाची साखर करणं, हे मात्र इथल्या कुठल्याही घरात होऊ शकतं. खरी विद्याही तिथेच आहे.

किटच्या डब्यात काय असतं ते आधी समजून घ्यावं. कारखान्यात माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गोड रस काढतात, त्यात हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांचा कडूपणा उतरवतात आणि उसाच्या रसाची काकवी करावी तसा तो आटवून डब्यात भरतात. साधारण १.७ किलोच्या डब्यातून २३ लिटर बिअर होते. म्हणजे विकत घेणाऱ्याच्या हातात फक्त शेवटचा टप्पा येतो. तोही सहसा तीन ठिकाणी बिघडतो. झाकणाखालची पाच-सात ग्रॅमची यीस्टची पुडी गोदामात उन्हाने अर्धी मेलेली असते. सोबत घालायला सांगितलेली एक किलो साखर बिअर पातळ आणि आंबूस करते. आणि 'खोलीच्या तापमानाला ठेवा' ही सूचना तर घातच करते.

म्हणून धान्याकडे जाण्याआधी एकदा किटच नीट करून पाहावं. साखरेऐवजी एक किलो कोरडा माल्ट अर्क घालावा. पुडी बदलून ११ ते ११.५ ग्रॅमचं चांगलं कोरडं एल (एल जातीच्या बिअरचं) यीस्ट घ्यावं. मध्यम ताकदीच्या २० लिटरला ते पुरतं. तापमान १८ ते २० अंश ठेवावं. इथे लक्षात ठेवायचं ते असं की आंबताना रस स्वतः गरम होतो. खोली २२ वर असेल तर बादलीच्या आत २५-२६ होतात आणि बिअरला पिकल्या केळ्याचा किंवा थिनरसारखा वास मारतो. ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या उन्हाळ्यात राहणाऱ्यांनी बादली पाण्याच्या टबात ठेवून भोवती ओला टॉवेल गुंडाळावा आणि समोर पंखा लावावा. चार-पाच अंश सहज उतरतात. माठाचं पाणी थंड का होतं हे ठाऊक असलेल्याला हे वेगळं सांगायला नको. दमट हवेत मात्र हा उपाय लंगडा पडतो. तिथे नॉर्वेतलं क्वाइक जातीचं यीस्ट घ्यावं. ते ३०-३५ अंशांवरही स्वच्छ चव देतं.

पाण्यातला क्लोरीन हा आणखी एक लपलेला चोर. दवाखान्यासारखा, बँडेजसारखा वास येतो तो क्लोरीन माल्टमधल्या फिनॉलशी जुळल्यामुळे. ब्लीचने धुतलेलं भांडं नीट न खंगाळल्यानेही तोच वास येतो. साधा क्लोरीन पाणी उकळून किंवा रात्रभर उघडं ठेवून जातो. क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर जात नाही. त्याला मेटाबायसल्फाइटची अर्धी गोळी ३० लिटरला पुरून उरते.

आता धान्य. २० लिटर बिअरला सातूचं म्हणजे बार्लीचं फिकट माल्ट साडेचार किलो आणि एकूण पाणी साधारण ३० लिटर धरावं. धान्य किलोमागे सुमारे एक लिटर पाणी पिऊन बसतं, तासभराच्या उकळीत तीन-चार लिटर उडून जातं आणि लिटर-दीड लिटर तळाच्या गाळात राहतं. माल्ट भरडायचं, दळायचं नाही. टरफल शाबूत राहिलं तरच रस गाळताना वाट मिळते. पीठ झालं तर खळ होते आणि थेंबही खाली उतरत नाही. चुलीवरच्या एकाच मोठ्या पातेल्यात, पडद्याच्या बारीक पॉलिएस्टर व्हॉइलच्या पिशवीत धान्य बुडवण्याची पद्धत नवशिक्याला सर्वांत सोयीची. ती करणाऱ्याने थोडं बारीक भरडलं तरी चालतं, कारण पिशवी वर उचलून निथळता येते.

सगळा खेळ ६० ते ७० अंशांच्या पट्ट्यात चालतो. अमायलेज म्हणजे पिठाची साखर करणारं एन्झाइम. माल्टमधलं बीटा-अमायलेज ६० ते ६५ अंशांवर जोमात असतं आणि आंबणारी साखर जास्त देतं. अल्फा-अमायलेज ६८ ते ७२ वर चालतं आणि न आंबणाऱ्या लांब साखळ्या मागे ठेवतं. म्हणून ६४ अंशांवर केलेली बिअर कोरडी, हलकी होते. ६८ वरची तोंडात भरते. पहिल्या वेळी ६६ धरावे आणि तासभर तिथेच ठेवावे. आधी किलोला तीन लिटरच पाणी घेतलं (उरलेलं नंतर मिळवायचं), तर ३० अंशांवरच्या धान्यात पाणी ७१ अंशांचं ओतावं लागतं. धान्य २० अंशांवर असेल तर ७२ च्या किंचित वर, आणि मे महिन्यातल्या पत्र्याच्या खोलीतलं ४० अंशांचं असेल तर ७० च्या जरा खाली. पुस्तकात थंड देशातला आकडा असतो आणि तो जसाच्या तसा उचलला की पहिलाच घाणा फसतो. ऊब टिकवायला पातेलं जाड चादरीत गुंडाळावं. सोलापुरी चादर याला उत्तम; तासाभरात एक-दोन अंशांपलीकडे उतरत नाही.

साखर झाली की नाही हे चवीवर सोडू नये. बशीत चमचाभर रस घ्यावा आणि औषधाच्या दुकानातल्या टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकावा. निळा-काळा झाला तर पीठ शिल्लक आहे, अजून वीस मिनिटं थांबावं. तपासलेला रस फेकून द्यावा, परत पातेल्यात ओतू नये. रूपांतर होतच नसेल तर बहुधा पाण्याचा दोष. आपल्याकडच्या बोअरसारखं जड, क्षारी पाणी फिकट माल्टचा सामू (पीएच) ५.८ च्या वर नेतं. हवा असतो ५.२ ते ५.६. एन्झाइम मंदावतात आणि टरफलातला तुरटपणा उतरतो. पाणी उकळून, निवल्यावर वरचं निथळून घेतलं तर बराच चुना खाली बसतो. त्याहून सोपं म्हणजे आरओचं पाणी घेऊन २० लिटरला चार ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड घालणं.

उकळीबद्दल थोडक्यात. तासभर, झाकण न ठेवता. झाकण ठेवलं तर शिजलेल्या मक्याचा वास देणारं गंधकाचं संयुग आतच राहतं. सहा टक्के अल्फा आम्लाचे (हॉप्सला कडू करणारं ते हेच) ३० ग्रॅम हॉप्स सुरुवातीला घातले तर २० लिटरला २० आयबीयूच्या (कडूपणा मोजायचं एकक) आसपास कडूपणा येतो. नंतर दहा-बारा मीटर तांब्याच्या नळीतून थंड पाणी फिरवून रस झटपट निववावा. नळाचंच पाणी ३० अंशांचं असेल तर नळी ३५ च्या खाली नेऊ शकत नाही. शेवटचा टप्पा बर्फाच्या टबात करावा.

हायड्रोमीटर, म्हणजे रसाची घनता मोजायचं यंत्र, घेतल्याशिवाय या वाटेला जाऊच नये. वर दिलेल्या मापाने सुरुवातीचा आकडा १.०५० च्या जवळ यायला हवा, शेवटी १.०१० उरला तर मद्यार्क सव्वापाच टक्के. यंत्र बहुधा २० अंशांसाठी आखलेलं असतं. ३५ अंशांवरचा रस सुमारे ०.००४ कमी दाखवतो, तेवढे मिळवावेत. बाटलीत भरायचं ते आकडा सलग तीन दिवस हलला नाही तरच. बुडबुडे थांबले म्हणून आंबणं संपलं असं समजणाऱ्यांच्या बाटल्या फुटतात आणि काचा डोळ्यात जातात. लिटरला सहा ग्रॅम साखर, म्हणजे २० लिटरला १२०, पाण्यात उकळून घालावी. पेलाभरही अंदाजाने नाही.

आता आपल्या ज्वारीकडे येतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, रब्बी ज्वारीचं संशोधन केंद्र सोलापुरात आहे, मालदांडी ३५-१ ही जात घराघरात आहे, आणि तरी ज्वारीचं माल्ट आपल्या बाजारात शोधावं लागतं. आफ्रिकेत ज्वारीच्या माल्टवर अख्खी पेय-संस्कृती उभी आहे. नायजेरियाने १९८८ साली बार्लीची आयात बंद केल्यावर तिथल्या मोठ्या ब्रुअऱ्याही ज्वारीवर गेल्या. ज्वारीत ग्लुटेन नाही, म्हणून गहू-सातू न चालणाऱ्यांनाही ती चालते. किटच्या पुढचं पाऊल सोलापुरात टाकायचं तर ते इथे टाकावं. यीस्ट न घालता जे निघतं ते पौष्टिक, गोड पेय असतं.

ज्वारी याच वर्षीची, खाण्याची घ्यावी. बियाण्याची रंग लावलेली ज्वारी कदापि नाही. तो रंग विषारी औषधाचा असतो. आधी १०० दाणे ओल्या फडक्यात बांधून पाहावेत. तीन दिवसांत ९० तरी मोडले पाहिजेत. मग एक किलो निवडून, धुऊन २० ते २४ तास भिजवावी. दर सहा-आठ तासांनी पाणी बदलावं आणि मध्ये तासभर पाणी काढून दाण्यांना हवा द्यावी, नाहीतर आतून कुजतात. ओल्या पोत्यावर बोट-दीड बोट जाडीचा थर पसरून २५ ते ३० अंशांवर चार-पाच दिवस ठेवावं. दिवसातून दोनदा पाणी शिंपडून खालवर करावं. ढीग करून ठेवला तर तो आतून तापतो आणि बुरशी धरतो. हिरवी-काळी बुरशी दिसली तर सगळंच टाकून द्यावं. निवडून वापरू नये. दिवाळीनंतरचे तीन महिने यासाठी उत्तम. एप्रिल-मेमध्ये मोड फुटण्याआधी दाणा वाळतो.

यानंतरची पायरी कोणीही गाळू नये. ज्वारीच्या कोंबात आणि मुळ्यांत धुरिन नावाचं द्रव्य असतं, त्यातून सायनाइड सुटतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे, कारण हेच. म्हणून इतके दिवस मोड आणलेली ज्वारी मटकीसारखी कच्ची खाऊ नये. गच्चीवर कडकडीत वाळवावी, हाताने चोळून कोंब-मुळ्या मोडाव्यात आणि सुपाने नीट पाखडून घ्याव्यात. किलोमागे साधारण ८०० ग्रॅम माल्ट उरतं.

ज्वारीची अडचण अशी की तिचं पीठ फुलतं ६८ ते ७५ अंशांवर, आणि तिथवर पोचेतो तिचंच बीटा-अमायलेज मरून जातं. सातूची कृती तिला लावली की पांढरट, बेचव पाणी निघतं. यावरची युक्ती जुनी आहे. एक किलो भरडलेलं माल्ट चार लिटर पाण्यात ४५ अंशांवर अर्धा तास ठेवावं आणि निवळू द्यावं. वरची दीड लिटर निवळी हलकेच काढून बाजूला ठेवावी. एन्झाइम तिच्यात आहेत. खालचा दाट भाग वीस-पंचवीस मिनिटं उकळावा. आंबील ढवळावी तसा ढवळत राहावं, नाहीतर बुडाला लागतो. मग तो ७४ अंशांवर उतरला की निवळी परत घालावी. निवळी ४५ अंशांच्या जवळच राहिली असेल, तर मिश्रण ६४ च्या आसपास स्थिरावतं. चादरीत गुंडाळून दीड तास ठेवावं आणि आयोडीन लावून पाहावं. ज्वारीला सातूसारखं टरफल नसल्याने गाळताना फडकं चोंदतं. पाव किलो धुतलेलं भाताचं तूस मिसळलं तर रस मोकळा उतरतो. ग्लुटेनची अडचण नसलेल्यांनी तीन भाग ज्वारीला एक भाग सातूचं माल्ट घातलं तर साखरही जास्त होते.

गाळलेला रस दहा मिनिटं उघडा उकळावा, हवी तर चिमूटभर सुंठ घालावी, आणि निववून त्याच दिवशी प्यावा. फ्रिजमध्ये फार तर दोन दिवस. बाटलीत घट्ट बंद करून बाहेर ठेवू नये. सोलापूरच्या उन्हाळ्यात हा रस रात्रभर ओट्यावर राहिला तर हवेतल्या यीस्टनेच आंबू लागतो. सकाळी वर फेस दिसला तर तो सरळ मोरीत ओतून द्यावा.

— एक वाचक, सोलापूर