आई-बाबा, पुढच्या ईस्टरला ग्रीस

ती. आई-बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी ग्रीसचं काढलं, तेव्हा आईने "बघू गं" म्हणून फोन बाबांकडे दिला आणि बाबांनी बेंगळुरूच्या पावसाची चौकशी केली. म्हणून आज सगळं नीट लिहून पाठवते आहे. दोघांनी सावकाश वाचा, मग बोलू.

आधी कधी ते सांगते. २०२७ मध्ये ग्रीक लोकांचं ईस्टर २ मे रोजी येतंय. त्यांचं चर्च सणाची तारीख जुन्या पंचांगानं काढतं, त्यामुळे इतरांचं ईस्टर मार्चअखेर होऊन जाईल आणि यांचं महिनाभरानं. त्या आठवड्यात आपण तिथे असावं असं मला मनापासून वाटतं. जुलै-ऑगस्टमध्ये अथेन्सला पारा चाळिशीपर्यंत जातो, अ‍ॅक्रोपोलिस, म्हणजे तिथली प्राचीन मंदिरांची टेकडी, कधीकधी भर दुपारी बंद ठेवावी लागते. एप्रिलच्या शेवटी हवा सुखाची असते, माळरानावर लाल पॉपीची फुलं असतात आणि पर्यटकांची खरी झुंबड अजून सुरू झालेली नसते. आई, लोणच्याच्या कैऱ्यांची काळजी करू नकोस. त्या मेच्या शेवटी येतात, आपण त्याआधी घरी असू.

ईस्टरच का, हे आईसाठी जास्त खुलासेवार लिहिते. गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री गावातल्या बायका चर्चमध्ये जमतात आणि एक लाकडी, नक्षीदार मखर फुलांनी इतकं मढवतात की लाकूड दिसत नाही. त्याला एपिटाफियोस म्हणतात, ख्रिस्ताची ती तिरडीच. शुक्रवारी दिवसभर संथ घंटा वाजत राहतात. अंधार पडला की ते मखर खांद्यावर घेऊन गावभर फिरवतात, मागे सगळं गाव हातात मेणबत्त्या घेऊन चालतं, लोक बाल्कन्यांत दिवे लावून उभे राहतात. आपल्याकडे पालखी दारावरून जाते तेव्हा जसं सगळं घर उंबऱ्याशी येतं, अगदी तसं. मग शनिवारी मध्यरात्री चर्चमधले दिवे मालवतात आणि पुजाऱ्याच्या एका ज्योतीवरून शेजाऱ्याची, शेजाऱ्यावरून पुढच्याची अशा मेणबत्त्या पेटत अंगणापर्यंत उजेड येतो. लोक ती ज्योत जपत घरी नेतात आणि तिच्या काजळीनं दाराच्या चौकटीवर क्रूस काढतात. आई, हे तुला पाहायला मिळावं ही माझी फार इच्छा आहे.

रविवारचंही आधीच सांगून ठेवते. त्या दिवशी घरोघरी अंगणात अख्खं कोकरू निखाऱ्यावर फिरवत भाजतात. तुम्हाला ते बघवणार नाही. बहुतेक प्राचीन स्थळंही त्या दिवशी बंद असतात. म्हणून तो दिवस मी मोकळा ठेवलाय. नाफ्प्लियो गावात किल्ल्याच्या कड्याखालून समुद्राला लागून एक सपाट फरसबंद वाट जाते. तिथे हळूहळू फिरू, बाकांवर बसू.

आता तुमच्या जेवणाचं. ग्रीसमध्ये मांस खूप खातात, यात शंका नाही. पण ईस्टरआधी त्यांचा मोठा उपवास असतो, त्यात मांस, अंडी, दूध काहीच चालत नाही. त्यामुळे शतकानुशतकं तिथल्या बायकांनी बिनमांसाचा एक आख्खा स्वयंपाक उभा केलाय आणि आपण पोहोचू त्या आठवड्यात तोच सगळीकडे मिळतो. टोमॅटोच्या रसात भट्टीत शिजवलेल्या घेवड्याच्या अंगठ्याएवढ्या मोठ्या पांढऱ्या बिया, त्यांना गिगांदेस म्हणतात. भात आणि पुदिना भरून भाजलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या. पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचं तेल. द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात, फक्त त्यात कधी खिमाही असतो, तेव्हा विचारून घ्यायचं. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची: त्यांच्या उपवासाला ऑक्टोपस आणि शिंपले चालतात. "उपवासाचं" म्हटलं म्हणजे शाकाहारी असं गृहीत धरायचं नाही. ते मी बघेन, मला त्यांचं "मांस नको, मासे नकोत" एवढं म्हणता येतं. शिवाय मेतकूट आणि लोणच्याची छोटी बरणी आई घेणारच, ते मला माहीत आहे.

बाबा, आता तुमच्याकडे वळते. शाळेची सहल कार्ल्याला नेलीत तेव्हा तुम्ही चैत्यातल्या खांबांवर टॉर्चचा झोत टाकून ब्राह्मी अक्षरं एकेक करून वाचून दाखवली होतीत. धेनुकाकटच्या यवनाने हा खांब दान दिला. हे यवन (जुन्या लेखांत ग्रीकांसाठीचा शब्द) थेट ग्रीसचे की वायव्येकडून येऊन इथे स्थायिक झालेले, यावर अभ्यासकांचं एकमत नाही हेही तुम्हीच सांगितलंत. जन्मभर तुम्ही यवनांविषयी शिकवलंत, वाईच्या बाहेर मात्र क्वचितच पडलात. ऑफिसच्या कामासाठी मी अथेन्सला गेले तेव्हा प्रत्येक दगडापाशी मला तुम्ही हवे होतात. हा बेत तिथेच मनात पक्का झाला.

दिमित्रियोस गालानोस हे नाव तुम्ही ऐकलंय का? १७६० मध्ये अथेन्समध्ये जन्मलेला हा माणूस कलकत्त्यातल्या ग्रीक व्यापाऱ्यांच्या मुलांना शिकवायला म्हणून भारतात आला, पुढे काशीला जाऊन पंडितांजवळ संस्कृत शिकला आणि तिथेच राहिला. जवळजवळ चाळीस वर्षं. भर्तृहरी आणि गीता त्याने ग्रीकमध्ये नेली. १८३३ मध्ये काशीतच वारला, त्याची कबरही तिथेच आहे. त्याची हस्तलिखितं अथेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पोहोचली आणि भाषांतरं त्याच्या मागे तिथेच छापली गेली. त्या ग्रंथालयाची जुनी इमारत, विद्यापीठ आणि अकादमी अशा तीन पांढऱ्या वास्तू अथेन्सच्या मधोमध एका रांगेत उभ्या आहेत. तिथे एक सकाळ तुमच्यासाठी ठेवली आहे.

अ‍ॅक्रोपोलिसचं चढणं ही आईची मुख्य भीती असणार, म्हणून ते आधी सोडवते. टेकडीच्या उत्तर बाजूला चालायला त्रास असलेल्यांसाठी लिफ्ट आहे आणि वर सपाट वाट करून घेतली आहे. जोराचा वारा असला तर लिफ्ट बंद ठेवतात, म्हणून तिथल्या मुक्कामात दोन सकाळी हाताशी ठेवल्यात. तिकिटावर वेळ ठरलेली असते, सकाळची पहिलीच वेळ घेऊ. वरचा संगमरवर पायांनी झिजून गुळगुळीत झालाय, तेव्हा चपला नकोत, रबरी तळाचे बूट हवेत. ते मी पुण्यात तुम्हाला घालून बघून घेऊन देईन.

टेकडीवरच्या पार्थेनॉन या मोठ्या मंदिराचं बांधकाम इ. स. पू. ४४७ मध्ये सुरू झालं. पुढे ते चर्च झालं, मग मशीद झालं, आणि १६८७ मध्ये तुर्कांनी आत दारूगोळा साठवलेला असताना व्हेनिसवाल्यांचा तोफगोळा पडून मधला भाग उडाला. मग एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉर्ड एल्गिन या ब्रिटिश राजदूताने उरलेल्या शिल्पांतली बरीचशी काढून इंग्लंडला नेली. ती अजून लंडनमध्येच आहेत, ग्रीस परत मागतंय. टेकडीच्या पायथ्याशी २००९ मध्ये नवं संग्रहालय उघडलं. त्याचा वरचा मजला पार्थेनॉनच्या दिशेलाच फिरवून बांधलाय आणि मूळ शिल्पं त्यांच्या जागी लावलीत. जी लंडनला गेली त्यांच्या जागी पांढऱ्या प्लास्टरच्या प्रती आहेत. पिवळसर मूळ दगड आणि मधेमधे पांढऱ्या प्रती, काच ओलांडून समोर मंदिर. वाद काय आहे ते एका नजरेत कळतं. माझं मत विचाराल तर शिल्पं परत यायला हवीत, जागा त्यांच्यासाठी तयार आहे.

त्याच संग्रहालयात आईसाठी एक गोष्ट आहे. एरेक्थेऑन मंदिराचं छत डोक्यावर पेलणाऱ्या सहा दगडी तरुणींपैकी पाच इथे आहेत, सहावी लंडनला. इथे त्यांच्या मागे जाऊन उभं राहता येतं. प्रत्येकीच्या पाठीवर जाड वेण्या आहेत, प्रत्येकीच्या निराळ्या, पेड न् पेड कोरलेला. मानेला छताचं वजन सोसावं म्हणून शिल्पकाराने केसांचा तो भरदार भाग मुद्दाम मागे सोडलाय. चेहरे झिजलेत, वेण्या मात्र अजून स्पष्ट आहेत. आई, तू तिथून लवकर हलणार नाहीस.

सॅन्टोरिनी मी काढून टाकलंय. पांढरी घरं आणि निळे घुमट कॅलेंडरवर छान दिसतात, पण गाव ज्वालामुखीच्या कड्यावर आहे, घरोघर पायऱ्या आणि क्रूझ जहाजांतून उतरणारी गर्दी. गुडघेदुखीला तो जाच आहे. त्याऐवजी एजिना बेट. अथेन्सजवळच्या पिरेयसच्या बंदरातून साध्या बोटीने सव्वा तासाच्या आसपास, आईला बोट लागली तरी फार वेळ सोसावं लागणार नाही. बंदरावरच पिस्त्याच्या टपऱ्या आहेत, एजिनाचे पिस्ते सगळ्या ग्रीसमध्ये नावाजलेले. टॅक्सी थेट आफाया देवीच्या मंदिरापर्यंत जाते, पाइनच्या झाडीतून खाली समुद्र दिसतो. तिथे बसायचं, एवढंच काम.

नाफ्प्लियोहून एपिदॉरोस अर्ध्या तासावर आहे. अस्क्लेपियस या वैद्यदेवाचं हे ठाणं. आजारी माणसं इथे येऊन रात्री झोपायची आणि देव स्वप्नात येऊन इलाज सांगतो अशी श्रद्धा होती. त्याच आवारात डोंगराच्या उतारावर इ. स. पू. चौथ्या शतकातलं दगडी नाट्यगृह आहे, सुमारे १४ हजार माणसं बसतील एवढं, अजूनही उन्हाळ्यात जुनी नाटकं तिथे होतात. मध्यभागी नाणं टाकलं तरी शेवटच्या रांगेत ऐकू येतं असं वाटाडे सांगतात. हॉलंडच्या संशोधकांनी मोजलं तेव्हा तो आवाज नाण्याचा म्हणून अर्ध्या रांगांपर्यंतच ओळखू येतो असं निघालं, पण खणखणीत बोललेलं मात्र वरपर्यंत पोहोचतं. बाबा, तुम्ही मध्यावर उभं राहून मेघदूताचे पहिले दोन श्लोक म्हणा. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा तुमचा आवाज तिथे पोहोचायलाच हवा. मी मधल्या रांगेत बसून ऐकेन.

डेल्फी या अपोलो देवाच्या प्राचीन ठाण्याचा निर्णय तुमच्यावर सोपवते. अथेन्सहून अडीच-तीन तासांचा गाडीचा प्रवास. अपोलोच्या मंदिराकडे चढ आहे आणि तो टळत नाही. पण अर्ध्या वाटेवर थांबूनही पार्नासोस डोंगराचा कडा आणि खाली समुद्रापर्यंत पसरलेलं ऑलिव्हचं रान दिसतं. आणि संग्रहालय सपाटीला आहे. तिथे १८९६ मध्ये उत्खननात मिळालेला काशाचा सारथी उभा आहे, माणसाच्या उंचीचा. त्याचे पाय नीट बघायचे. रथात उभा असल्यामुळे ते कोणाला दिसणार नव्हते, तरी घोट्याची हाडं आणि बोटं किती मनापासून घडवलीत! भूकंपात दरड कोसळून तो गाडला गेला म्हणून वितळवण्यापासून वाचला. बाबांना चढ नको असेल तर नुसत्या सारथ्यासाठी जाऊ, आई आणि मी बाहेर कॉफी पिऊ.

पैशांचं बोलायचं नाही असं तुम्ही म्हणाल, म्हणून मीच बोलते. हे मी बाजूला ठेवलेले पैसे आहेत, कर्ज काढलेलं नाही, कुठला खर्च अडलेला नाही. तुम्ही माझ्या शिक्षणासाठी काय काय पुढे ढकललंत ते मला ठाऊक आहे. घराला रंग, आईच्या पाटल्या, बाबांची काशीयात्रा. त्याची फेड करायची म्हणून मी हे करत नाही, ती होणारही नाही. तुमच्यासोबत जायचंय म्हणून करते आहे. आईचे गुडघे आज एक मैल चालतात, बाबांना आज बारीक अक्षर दिसतं. हे दोन्ही असताना जायचं आहे.

आणि घाई कुठेच नाही. सकाळी एक गोष्ट, दुपारी झोप, संध्याकाळी चौकात. तिथे संध्याकाळी सगळं कुटुंब बाहेर पडतं, आजी-आजोबा रात्री दहापर्यंत कॉफीहाउसच्या खुर्च्यांवर निवांत बसलेले असतात, हातात खड्या-मण्यांची माळ फिरवत. ती माळ जपाची नाही, नुसती हाताला चाळा. तुम्हाला तिथे कोणी म्हातारे म्हणून बाजूला बसवणार नाही.

आता एवढं करा. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो पाठवा. मुदत परतीनंतर किमान ३ महिने हवी आणि पासपोर्ट १० वर्षांपेक्षा जुना नको, आईचा बहुधा नूतनीकरणाला आलाय. बाबांच्या पेन्शन खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट बँकेतून शिक्का मारून घ्या. शेंगेन व्हिसाला (ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकत्र व्हिसा) किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, तो मी काढते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, बोटांचे ठसे द्यायला तुम्हाला जावं लागेल, तेव्हा मी येईन. मुंबईहून विमानात मी तुमच्यासोबतच असेन आणि विमानतळावर दोघांसाठी व्हीलचेअर सांगितलेली असेल. आईने त्याला नाही म्हणायचं नाही. डॉक्टरांना गुडघ्यांचं आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचं विचारून त्यांच्याकडून इंग्रजीत चिठ्ठी लिहून आणा.

डेल्फी हो की नाही, ते रविवारच्या फोनवर सांगा.

तुमची,
मुक्ता

ता. क. बाबा, सोबत ग्रीक अक्षरांचा तक्ता मोठ्या टाइपात छापून पाठवते आहे. रस्त्यावरच्या पाट्या आणि संग्रहालयातले शिलालेख दोन्हीकडे मोठी (कॅपिटल) अक्षरं तीच आहेत, आतापासून रोज थोडी गिरवलीत तर तिथे तुम्हीच आम्हाला वाचून दाखवाल.