कॅमेऱ्यावर नको, फोटोवर बोला

संपादक महोदय, स. न.

छायाचित्रण मंडळांच्या मासिक बैठका कॅनन भारी की निकॉन, या वादात भरकटतात आणि नवखी मुलं पुन्हा फिरकत नाहीत. प्रत्येकाकडून एकच फोटो घ्यावा, छायाचित्रकाराचं नाव आणि कॅमेऱ्याचं मॉडेल झाकून पडद्यावर लावावा. अर्धा मिनिट नुसतं पाहावं. मग काय साधलं ते आधी, काय हुकलं ते नंतर, कारणासकट सांगावं. 'फोटो हललाय' एवढ्याने नवख्याला काहीच कळत नाही. भिगवणच्या रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्याचा डोळा स्पष्ट पण पंखांची टोकं पुसट असतील, तर शटर, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड सोडणारी झडप, संथ होतं. १/१२५ सेकंदाऐवजी १/१६०० सेकंद ठेवावं, उजेड कमी पडला तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता, वाढवावा. चित्रातलं सगळंच एका दिशेला ओढलेलं दिसत असेल, तर हात हलला. पक्षी धूसर आणि मागचं गवत स्पष्ट, म्हणजे फोकस चुकला.

लेन्सच्या किमती, खरेदी-विक्री चहाच्या वेळी. घरट्यातल्या पिल्लांचे फोटो मात्र स्वीकारूच नयेत. माणूस फार जवळ गेला की पक्षी घरटं सोडून जाऊ शकतात. इथे तडजोड नको.

— एक छायाचित्रणप्रेमी, पुणे