दिवस गेले म्हणून थायरॉइडची गोळी थांबवू नका

महोदय,

धाकट्या बहिणीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मी तिला दिलेला पहिलाच सल्ला चुकीचा होता. ती बरीच वर्षं थायरॉइडची गोळी घेत होती. ‘हार्मोनची गोळी आहे, बाळाला बाधेल, आता बंद कर,’ असं मी म्हटलं आणि तिने ऐकलं. तीन आठवडे गोळी बंद राहिली. पहिल्या तपासणीतच डॉक्टरांनी ती पुन्हा सुरू केली, तीही डोस वाढवून. बाळ सुखरूप जन्मलं. पण ते तीन आठवडे माझ्या मनातून जात नाहीत, आणि हाच सल्ला इतर गरोदर मुलींना दिला जाताना मी अजूनही ऐकते.

पोटातल्या बाळाची थायरॉइड ग्रंथी साधारण १२व्या आठवड्याच्या सुमारास कामाला लागते आणि १८ ते २० आठवडे होईपर्यंत ती पुरी पडत नाही. मेंदूची घडण मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. तोवर बाळाला त्यासाठी लागणारं थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइड ग्रंथीचं हार्मोन, मिळतं ते आईच्या रक्तातून, वारेमार्फत. म्हणजे आपण गोळी बंद करायला लावतो ती नेमकी त्याच दिवसांत! निरोगी बाईचं शरीर ही वाढीव गरज आपोआप भागवतं. गरोदरपणाच्या चाचणीत दिसणारं एचसीजी हे हार्मोन थायरॉइडलाही चालना देतं, कारण त्याची ठेवण टीएसएचशी, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणाऱ्या हार्मोनशी, मिळतीजुळती असते. ग्रंथी आधीच दुबळी असेल तर ही चालना वाया जाते, आणि म्हणून गोळीचा डोस बऱ्याचदा पाव ते निम्म्याने वाढवावा लागतो.

हार्मोन म्हटलं की धास्ती वाटते, त्याला कारणही आहे. गर्भपात टळावा म्हणून एके काळी डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन सर्रास दिलं जाई. त्याचा उपयोग होत नाही हे १९५३मध्येच दिसलं होतं, तरी ते चालू राहिलं. १९७१मध्ये, ते घेतलेल्या आयांच्या तरुण मुलींमध्ये योनिमार्गाचा दुर्मीळ कर्करोग आढळला. पण ते शरीराला परकं रसायन होतं. थायरॉक्सिनची गोळी म्हणजे आईच्या ग्रंथीने जे बनवायला हवं होतं, तेच.

इन्सुलिनबद्दलही असाच गैरसमज. आईने टोचून घेतलेलं इन्सुलिन वार ओलांडून बाळाकडे जवळजवळ जातच नाही. साखर मात्र जाते. ती जास्त झाली की बाळाचं स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं. गर्भात इन्सुलिन आणि त्याच्यासारखे वृद्धिघटक हेच वाढीचे मुख्य सूत्रधार असल्याने बाळ प्रमाणाबाहेर पोसतं, आणि जन्मल्यावर, नाळ कापताच, त्याची साखर झपकन उतरू शकते. इंजेक्शन टाळून बाळाचं रक्षण होत नाही.

माझी कळकळीची विनंती एवढीच, की दिवस गेल्याचं कळताच, पुढच्या तपासणीची वाट न पाहता, चालू गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या. आणखी एक गोष्ट बहिणीच्या वेळी उशिरा कळली, ती इथे सांगते. गरोदरपणात सुरू होणाऱ्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉइडच्या गोळीसोबत घेतल्या तर ती नीट शोषली जात नाही. त्यांत निदान चार तासांचं अंतर ठेवावं.

आपली,
एक वाचक