ब्रुकलँड्सची भिंत आणि आपलं उद्यमनगर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी कोल्हापूरच्या दसऱ्याच्या शाही सोहळ्याचं वृत्त आपल्या अंकात येतं आणि दसरा चौकात येणाऱ्या मेबॅकचा फोटो मी कापून ठेवतो. राजाराम महाराजांच्या काळातली ती भगव्या रंगाची मोटार. देखणी आहेच, पण मला जास्त अप्रूप याचं, की ती आजही रस्त्यावर चालत येते. गाडी जपणं आणि गाडी चालती ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक मला इंग्लंडमध्ये एका जुन्या रेस ट्रॅकवर नीट उमगला. म्हणून हे पत्र.

माझा मुलगा नोकरीनिमित्त सरे परगण्यात राहतो. काही वर्षांपूर्वी जून महिन्यात आम्ही उभयता त्याच्याकडे होतो. एका रविवारी तो मला वेब्रिजजवळच्या ब्रुकलँड्सला घेऊन गेला. तिथं जुन्या मोटारींचा मेळावा होता, 'डबल ट्वेल्व्ह' नावाचा. नाव ऐकून मी बुचकळ्यात पडलो. ब्रुकलँड्सचा ट्रॅक सुरू झाला १९०७ साली, आणि त्याच महिन्यात एस. एफ. एज नावाच्या गृहस्थानं तिथं नेपियर मोटार सलग चोवीस तास पळवली. रात्रभर चाललेल्या त्या घरघरीनं आसपासचे रहिवासी इतके वैतागले की रात्रीच्या शर्यतींवर बंदीच आली. पुढं १९२९ मध्ये चोवीस तासांची शर्यत घ्यायची ठरली तेव्हा ती बारा-बारा तासांच्या दोन दिवसांत विभागली. मधल्या रात्री गाड्या कुलपात. ते डबल ट्वेल्व्ह!

मोटारींच्या शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेला हा जगातला पहिला ट्रॅक. त्या वेळी ब्रिटनमध्ये रस्त्यावर ताशी वीस मैलांची मर्यादा होती. गाडी पळवून तपासायची तर जागाच नव्हती. ह्यू लॉक किंग या जमीनदारानं स्वतःच्या जमिनीत, स्वतःच्या पैशानं पावणेतीन मैलांचा काँक्रीटचा ट्रॅक बांधायला घेतला. खर्च हाताबाहेर गेला, त्यांची तब्येत ढासळली, तेव्हा त्यांच्या पत्नी एथेल यांनी कारभार हाती घेऊन काम तडीला नेलं. उद्घाटनाच्या मिरवणुकीत सर्वांत पुढची गाडी त्याच चालवत होत्या.

वळणावर हा ट्रॅक कलता होत होत जवळजवळ तीस फुटांपर्यंत चढतो. वेगातली गाडी वळणाबाहेर फेकली जाऊ नये म्हणून ही उतरण. त्या भिंतीच्या पायथ्याशी उभं राहून मी वर पाहिलं आणि छातीत धस्स झालं. काँक्रीटचे जोड आता उघडे पडलेत, फटींतून गवत आलंय. दुसऱ्या महायुद्धात या जागेवर विमानं बांधली जात होती. १९३९ नंतर इथं शर्यत झाली नाही आणि युद्धानंतर सगळी जागा विमानांच्या कारखान्याला विकली गेली. ट्रॅक मध्येमध्ये तोडलेला आहे. जे तुकडे उरले ते मात्र तिथल्या लोकांनी जिवापाड जपलेत.

त्या दिवशी तिथली नेपियर-रेल्टन ही शर्यतीची मोटार सुरू केली. जॉन कॉब यांनी १९३५ साली याच गाडीत ताशी १४३.४४ मैल वेगानं फेरी मारली. तो विक्रम कायमचा राहिला, कारण मोडायला ट्रॅकच उरला नाही. बारा सिलिंडर, चोवीस लिटरचं विमानाचं इंजिन, आणि ब्रेक फक्त मागच्या चाकांना! इंजिन पेटलं तेव्हा पायाखालची जमीन हलली. मी चाळीस वर्षं इंजिनांत काढलीत, तरी डोळ्यांत पाणी आलं. मुलगा माझ्याकडे बघतच राहिला.

नंतर गाड्या एकेक करून टेस्ट हिलवर चढू लागल्या. ही टेकडी १९०९ सालची, गाडीची चढण्याची ताकद आणि ब्रेक तपासण्यासाठी केलेली. वर जाता जाता चढ आणखी उभा होतो. तिथंच एका सत्तरीच्या गृहस्थांशी बोलणं झालं. त्यांच्या गाडीचं सिलिंडर हेड तडकलं होतं. नवं कुठं मिळणार? त्यांनी जुन्यावरून लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा नमुना, केला, त्यावरून नवं हेड ओतून घेतलं, मशीनिंग स्वतः केलं. मी मुलाला म्हटलं, "यांना सांग, हे काम आमच्या शिवाजी उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत, रोज होत होतं."

माझे वडील पॅटर्नमेकर होते. तुटका तुकडा हातात दिला की ओतलेलं बीड (ओतीव लोखंड) थंड होताना आटणार किती याचा अंदाज घेऊन ते सागवानात नमुना कोरायचे. आपल्याकडच्या उसाला पाणी पाजणारी ऑइल इंजिनं याच हातांतून उभी राहिली. बंद पडलेल्या परदेशी मोटारीही इथल्या मिस्त्रींनी चालू करून दिल्या. त्यातले बहुतेक आता नाहीत. मी ज्या कारखान्यात उमेदवारी केली, तिथलं जुनं इंजिन माझ्यासमोर किलोच्या भावानं भंगारात गेलं. मी तेव्हा गप्प बसलो, त्याचा सल अजून आहे.

२०२१ मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपातल्या खासगी वाहनांना 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली. नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं येतात. फार चांगलं झालं. पण मूळ रूप टिकवायचं तर सुटे भाग करणारा माणूस लागतो. तो कुठून आणणार? मुंबईत जुन्या मोटारींच्या रॅली निघतात, लोक फोटो काढतात, गाड्या परत गॅरेजमध्ये जातात. त्या चालत्या ठेवणाऱ्या फिटरचं, टर्नरचं नाव कुणी विचारत नाही. ब्रुकलँड्सला बॉनेट उघडून उभी असलेली म्हातारी माणसं होती आणि त्यांच्याभोवती शाळकरी पोरांचा गराडा होता.

तेव्हा माझी विनंती अशी. दसऱ्याच्या आसपास कोल्हापुरात एक दिवस जुन्या मोटारी, मोटारसायकली आणि ऑइल इंजिनं एकत्र आणावीत. नुसती मांडू नयेत, सुरू करावीत. आयटीआयच्या मुलांना बोलवावं. उद्यमनगरातले जे जुने कारागीर हयात आहेत त्यांना गाडीशेजारी खुर्ची द्यावी आणि त्यांचं सांगणं कुणीतरी रेकॉर्ड करून घ्यावं. उद्योजकांच्या संघटना आणि महापालिका यांनी मनावर घेतलं तर हे अवघड नाही. आपल्या दैनिकानं पुढाकार घ्यावा.

वडिलांचे चौदा पॅटर्न माझ्याकडे ट्रंकेत आहेत. वाळवीपासून वाचवलेत. दिवस ठरला की कळवा, ट्रंक घेऊन सकाळी सात वाजता हजर राहीन.

आपला,
एक निवृत्त फिटर
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर