राखणदाराचे भूत करू नये

प्रति,
मा. संपादक,

विषय : ‘घाटातील शिर नसलेला घोडेस्वार’ हा लेख

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत कोकणातील एका घाटवळणावर अमावास्येच्या रात्री दिसणाऱ्या, स्वतःचे शिर काखेत धरून दौडणाऱ्या घोडेस्वाराविषयी लेख प्रसिद्ध झाला. ‘विश्वास ठेवायचा की नाही, हे वाचकांनीच ठरवावे’ असे त्याच्या शेवटी म्हटले आहे. वाचकांनी ठरवायचे, तर त्यांना ठरवता येईल असे काही लेखात असायला हवे होते. पाहणारा कोण, तो किती अंतरावर होता, महिना कोणता, पाऊस होता की आभाळ निरभ्र होते, यांपैकी एकही गोष्ट लेखकाने विचारलेली दिसत नाही. घोडा काळाभोर होता आणि स्वाराचा शेला तांबडा होता, हे मात्र ठामपणे लिहिले आहे. अमावास्येच्या रात्री, दिवा नसलेल्या घाटात, माणसाच्या डोळ्याला रंग कळत नाही. अंधूक प्रकाशात आपल्याला आकार आणि हालचाल दिसते, तांबडे-हिरवे दिसत नाही. तो शेला कोणाला दिसला असेल, तर तो डोळ्यांनी दिसलेला नाही.

असा घोडेस्वार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु माझी मोठी तक्रार वेगळी आहे. आपण छापलेली कथा, कथा म्हणूनसुद्धा, आमच्या भागातली वाटत नाही.

कोकणात रात्री हिंडणारा जो कोणी सांगितला जातो, तो बहुतेक वेळा राखणदार असतो, आणि तो पायी चालतो. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्या मोठ्या वहाणा अर्पण केल्या जातात. देव रात्री गावाची फेरी करतो आणि त्या वहाणा झिजतात, अशी तिथली श्रद्धा आहे. खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेतलेला देवचारही पायीच फिरतो आणि वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोहोचवतो, असे सिंधुदुर्गात आणि गोव्यात घरोघरी सांगतात. त्याला भ्यायचे असते ते शेजाऱ्याची बांधबंदिस्ती मोडणाऱ्याने किंवा देवराईत कुऱ्हाड घेऊन शिरणाऱ्याने. गाऱ्हाणे घालताना ‘होय म्हाराजा’ म्हणून ज्याला साद घालतात, त्याच्या कुळातला हा पहारेकरी आहे. तो कोणाच्या उरावर बसायला येत नाही.

मग आपल्याकडे घोडा आला कुठून, हा प्रश्न लेखकाने स्वतःला विचारला असता तर लेखाला काही वजन आले असते. कोकणातला सामान्य माणूस घोड्यावर बसणारा नव्हता. खाड्यांतून होडी, पाणंदीतून बैलगाडी किंवा डोली, आणि एरवी पाय, अशी इथली वाहतूक; सडे म्हणजे कातळाची माळराने, चढउतार आणि चार महिन्यांची ओल यांत घोडा पोसणे परवडणारेही नव्हते. घोडे आले ते समुद्रमार्गे. अरबस्तान आणि इराणच्या आखातातून आणलेले घोडे चौल, दाभोळ, गोवा अशा बंदरांत उतरत आणि तिथून घाटवाटांनी देशावरच्या फौजांकडे जात. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर पोर्तुगिजांनी हा व्यापार आपल्या मुठीत ठेवण्याचा प्रयत्न केला, इतका तो किफायतशीर होता. म्हणजे किनाऱ्यावरच्या शेतकऱ्याला घोड्यावर बसलेला माणूस दिसे, तो वसुलीला आलेला, फौजेबरोबर निघालेला किंवा हुकूम घेऊन जाणारा. रात्री टापा ऐकू येणे म्हणजे उद्या दारात कोणीतरी उभे राहणे. मी लहानपणापासून ऐकलेल्या घोडेस्वाराच्या बहुतेक कथा जुन्या घाटवाटांच्या तोंडाशी असलेल्या गावांतल्याच आहेत, आणि त्यांत स्वार दिसत नाही, फक्त टापा वाजतात. हा मला योगायोग वाटत नाही. गोव्यात डिचोली, सत्तरी, पेडणे या भागांत शिमग्याला घोडेमोडणी होते, तेव्हा कमरेला लाकडी घोडा बांधून, हातात तलवार घेऊन नाचणारे लोक अशाच स्वारांची आठवण नाचवतात. तिथे ती आठवण जयाची आहे, आमच्या वाडीत ती धास्तीची आहे, एवढाच काय तो फरक.

शिर काखेत धरणारा स्वार मात्र आयर्लंडच्या लोककथेतला आहे. तिथे त्याला डुलाहान म्हणतात, आणि तो जिथे थांबतो तिथे कोणाचा तरी मृत्यू होतो असे मानतात. उत्तर युरोपात हिवाळ्याच्या वादळी रात्री आकाशातून दौडत जाणाऱ्या शिकारी स्वारांच्या टोळीच्या कथाही पुष्कळ आहेत आणि याकोब ग्रिम या जर्मन पंडिताने एकोणिसाव्या शतकात त्यांचा मोठा अभ्यास केला. त्या कथा त्या वाऱ्यांच्या आणि त्या अरण्यांच्या आहेत, आणि तिथे त्या शोभतात. शिर नसलेला वीर आपल्याला अगदीच परका आहे असे नाही: १६६५ मध्ये पुरंदरावर मुरारबाजी पडले, तेव्हा शिर तुटल्यावरही त्यांचे धड लढत राहिले, असे लोक आजही सांगतात. पण त्या सांगण्यात भीती नाही, अभिमान आहे. मुरारबाजी महाडकडचे, म्हणजे कोकणाशी नाते असलेले. त्यांच्या कथेची आणि डुलाहानची गाठ मारून आमच्या घाटात उभे केलेले हे बाहुले पाहून वाईट वाटते.

आता टापांविषयी. ज्या वडीलधाऱ्यांनी ‘मी स्वतः ऐकले’ असे सांगितले, त्यांना मी खोटे मानत नाही. कोकणात रातवा नावाचा पक्षी आहे. तो दिवसभर पाचोळ्यात न दिसता बसून राहतो आणि अंधार पडला की ‘चक्-चक्-चक्’ असा आवाज काढतो. हा आवाज शेवटी जलद होत होत विरून जातो, आणि पक्षी दिसत नसल्याने तो नेमका कुठून आला हे सांगणे कठीण असते. कातळावरून कोणी दौडत येऊन एकाएकी दूर गेले, असे ऐकणाऱ्याला वाटावे, असाच तो आवाज आहे. हाच पक्षी रात्री उबदार राहिलेल्या रस्त्यावर बसतो आणि दिव्याचा झोत पडताच त्याचे डोळे लालसर चमकतात. त्यात हिवाळ्यातल्या शांत रात्रींचा गुण मिळतो. जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार राहते, आणि वर जाणारा आवाज पुन्हा खाली वळतो; म्हणून दिवसा न ऐकू येणारा दूरच्या वाडीतला आवाज रात्री अंगणात आल्यासारखा वाटतो. जांभ्याच्या सड्याखाली पुष्कळ ठिकाणी पोकळ्या असतात, त्यामुळे त्यावरून चालणाऱ्या गुराच्या खुरांचाही घुमारा उठतो. ज्याने घोडेस्वाराची कथा आईच्या मांडीवर ऐकली आहे, त्याच्या कानाला यातून टापाच ऐकू येणार. ऐकणे खरे होते. अर्थ कथेने पुरवला.

घाटातून रात्री दिवट्यांसह पालखी जाते, अशीही गोष्ट आमच्याकडे सांगतात; त्या दिवट्यांचे कोडे तर याहून सोपे आहे. पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला लोक रात्री चुडी किंवा बत्त्या घेऊन वहाळात उतरतात, आणि पलीकडच्या डोंगरावरून पाहणाऱ्याला पेटत्या दिवट्यांची रांग चालत गेल्यासारखी दिसते. आमच्या गावात हे सर्वांना ठाऊक आहे, तरी पालखीची गोष्ट सांगायची हौस कोणी सोडलेली नाही. आणि ती सोडावी असे मलाही वाटत नाही.

माझा विरोध गोष्टीला नाही, तिला पुरावा म्हणून विकण्याला आहे. नाहीतर त्याच घोडेस्वाराचे नाव घेऊन कोणी आजारी बाईला ‘तुझ्यावरून स्वार गेला’ असे सांगतो, कोंबडा आणि पैसे मागतो आणि दवाखान्याची वाट अडवतो. भुताची भीती घालून लोकांत घबराट पसरवणे आणि साप चावलेल्याला उपचारापासून रोखणे, हे दोन्ही प्रकार २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा म्हणून नोंदलेले आहेत. गोष्ट सांगणाऱ्या आजीला त्या कायद्याचे भय नाही. परंतु वर्तमानपत्रात छापून आलेले कात्रण भगताच्या हाती पडले की त्याचे काय होते, याचा विचार संपादकीय टेबलावर व्हायला हवा.

लेखमालेचा पुढचा भाग ‘प्रत्यक्ष अमावास्येच्या रात्री त्याच वळणावर’ असा जाहीर झाला आहे. तो भाग छापायचा असल्यास लेखकाने आसपासच्या वाड्यांतील वृद्धांनी सांगितलेल्या कथा त्यांच्याच बोलीत, गावाच्या नावासह टिपून आणाव्यात. त्या संग्रही ठेवण्याजोग्या असतील. त्या वळणाचा नकाशा मात्र कृपया देऊ नये. पहिला लेख आल्यापासून रात्री मोटारसायकली घेऊन मुले तिथे जमू लागली आहेत, कित्येक जण गंमत म्हणून दिवे मालवून गाडी चालवतात, आणि दरीच्या बाजूचा कठडा गेल्या पावसाळ्यात कोसळला तो अद्याप बांधलेला नाही.

आपला,
एक नियमित वाचक (निवृत्त शिक्षक)
राजापूर तालुका, जि. रत्नागिरी