पत्रकावरचे नाव

निपाणी,
दि. २२ ऑगस्ट २०२५

चि. सुजाता हिला अण्णांचे अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोन आधी कोणी ठेवला याबद्दल घरात अजून एकमत झालेले नाही, म्हणून तो विषय सोडून देतो. फोनवर आपले बोलणे हल्ली तिसऱ्या वाक्यालाच पेट घेते आणि जे विचारायचे असते ते राहूनच जाते, यासाठी पत्र लिहायला बसलो आहे. ३० तारखेच्या कार्यक्रमाच्या तयारीमुळे तू गणपतीला घरी येणार नाहीस, हे तुझ्या आईने सांगितले. त्याविषयी एक अक्षरही लिहिणार नाही असे मी तिला कबूल केले आहे. मखर यंदा सागर करणार आहे आणि ते वाकडे होणार आहे, इतकेच.

मला विचारायचे आहे ते असे, की त्या कार्यक्रमाच्या पत्रकावर निमंत्रक म्हणून ज्यांची नावे छापली आहेत, त्यांत तुझे नाव आहे काय?

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेतील कन्नडचे सर मधल्या सुट्टीत वर्तमानपत्र घेऊन आले आणि काही न बोलता त्यांनी ते माझ्या टेबलावर उलगडले. धारवाडच्या जिल्हाधिकारी कार्यालयासमोर तुम्ही वसतिगृहाच्या मुली रिकामी ताटे घेऊन बसला आहात आणि माईक तुझ्या हातात आहे, असा तो फोटो. आईने संकेश्वरच्या बाजारातून आणलेली जांभळी ओढणी तू कमरेला आवळून बांधली होतीस, त्यामुळे चेहरा पाहण्याआधीच मी तुला ओळखले. सरांनी बातमी वाचत वाचत मराठीत सांगितली. शिष्यवृत्तीची रक्कम वर्ष उलटले तरी खात्यावर जमा झालेली नाही, चौघींसाठी बांधलेल्या खोलीत नऊ मुली राहतात, न्हाणीघराला कडी नाही, हे सगळे तू घरी कधी सांगितले नव्हतेस. बातमीच्या शेवटी तुझे नाव होते आणि नावापुढे निपाणी. ती शेवटची ओळ मी सरांना पुन्हा वाचायला लावली. फोटोतील चेहरा गर्दीत विसरला जातो, परंतु छापलेले नाव कापून फाइलला लावता येते, आणि अशी कात्रणे लावणारी माणसे कोणत्या कचेऱ्यांत बसतात हे मी माझ्या भावाच्या पायी चांगले पाहिले आहे.

सरांच्याच मोबाईलवर मग तुझे भाषण ऐकले. माझी कन्नड तहसीलदार कचेरीच्या पायऱ्यांपाशी संपते, त्यामुळे निम्मेच समजले, तरी तू कोठे थांबलीस आणि लोकांनी कोठे टाळ्या वाजवल्या हे समजायला भाषा लागत नाही. सर म्हणाले, "गुरुजी, तुमची मुलगी अस्सल धारवाडची वाटते, निपाणीची वाटत नाही." हे कौतुक समजावे की कसे, याचा मी दिवसभर विचार करीत होतो. संध्याकाळी बाळूकाका आला. कन्नडसक्तीच्या विरोधात ज्याने कोठडी पाहिली त्याला त्याच्याच पुतणीचे कन्नड भाषण ऐकवावे की नाही, असे क्षणभर मनात आले, पण राहवले नाही. त्याने ते दोनदा ऐकले आणि म्हणाला, "आमच्या वेळी माईक एवढा चांगला नव्हता." जाताना तुझ्यासाठी पाचशे रुपये देऊन गेला. ते मी तुझ्या खात्यावर घातले आहेत. ते पत्रकांच्या छपाईत घालू नकोस.

बाळूकाकाची गोष्ट तुला माहीत आहे, परंतु त्याचे नाव कसे आले हे तुला कोणी सांगितले नसावे. १९८६ च्या जूनमध्ये तो बेळगावला आयटीआयला होता. त्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात नऊ माणसे गेली, हिंडलग्याला त्यांचे स्मारक आहे, तेथे तुम्हा दोघांना मी लहानपणी नेले होते. बाळू मोर्चात होता हे खरे, पण दगड फेकणाऱ्यांत नव्हता. पकडलेल्यांपैकी एका पोराला पाचसहा नावे सांगायला लावली आणि त्या घाबरलेल्या पोराला बाळूचे पूर्ण नाव तेवढे पाठ होते, कारण हजेरीला ते त्याच्या नावाच्या आधी येई. एवढ्यावर खटला उभा राहिला. नोकरीच्या अर्जासोबत चारित्र्य पडताळणीचा जो कागद असतो, त्यात आपल्यावर फौजदारी खटला प्रलंबित आहे काय, असा एक रकाना असतो. बाळूने त्यात खरे ते लिहिले. पुढे तो निर्दोष सुटला, पण तोपर्यंत वयाची अट उलटून गेली होती. तू एम.ए. झाल्यावर जो अर्ज भरशील त्यातही तो रकाना असेल, म्हणून मी नावाचे विचारतो.

तू म्हणशील की अण्णा, खटल्याची भीती आता जुनी झाली. खरे तर जी भीती मला झोपू देत नाही ती मी फोनवर उच्चारलीच नाही. तुमचा कार्यक्रम कोणाच्या स्मरणार्थ आहे हे मला ठाऊक आहे. येत्या ३० तारखेला दहा वर्षे होतील. बसवण्णादी शरणांच्या वचनसाहित्याच्या अभ्यासात ज्यांनी आयुष्य घातले, हंपीच्या कन्नड विद्यापीठाचे जे कुलगुरू होते, त्या डॉ. एम. एम. कलबुर्गी यांना सत्तरी ओलांडलेल्या वयात, सकाळच्या वेळी, धारवाडच्या कल्याणनगरातील त्यांच्या राहत्या घरी गोळ्या घातल्या गेल्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत कोल्हापूरला कॉम्रेड पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्याआधी २०१३ साली पुण्यात डॉ. दाभोलकर गेले आणि २०१७ साली बंगळुरात गौरी लंकेश. पुणे, कोल्हापूर, धारवाड, बंगळूर ही चारही गावे आपल्या निपाणीवरून जाणाऱ्या एकाच महामार्गावर आहेत, आणि त्याच रस्त्याने मी तुला दर सुट्टीनंतर बसमध्ये बसवून देतो. ती माणसे मोठी होती, आपल्या पोरीला कोण ओळखते, असे तुझी आई मला समजावते. तिचे म्हणणे मला पटते, आणि तासाभराने पुन्हा तेच मनात येते.

कार्यक्रम करू नये असे माझे म्हणणे नाही, हे मी तीनदा लिहून तीनदा खोडले, कारण ते पूर्ण खरे आहे की नाही याची मला खात्री वाटेना. कार्यक्रम व्हावा, चांगला व्हावा, सभागृह भरावे, आणि तू तिसऱ्या रांगेत बसावेस, असे माझे म्हणणे आहे असे समज.

या ठिकाणी तुझी आज्जी असती तर तिने मला काय ऐकवले असते, ते मला आत्ता ऐकू येत आहे. तंबाखूच्या वखारीत ज्या बायका राबत, त्यांच्यापैकी थोड्याच जणींची नावे हजेरीपटावर असत. नाव नाही म्हणजे रजा नाही, फंड नाही, आजारी पडली तर ती बाई तेथे कामाला होती याचा पुरावासुद्धा नाही. प्रा. सुभाष जोशी यांनी येथील तंबाखू कामगार बायकांची संघटना बांधली, तेव्हा आज्जी त्यात गेली ती मजुरी वाढावी म्हणून आणि त्याहून अधिक आपले नाव लिहून घ्यावे म्हणून. दिवसभर तंबाखू चाळून आल्यावर रात्री ती माझ्याच पाटीवर आपले नाव गिरवीत असे. तिच्या बोटांच्या भेगांत भरलेली भुकटी पाटीवर उतरे आणि सकाळी शाळेत पाटी पुसताना मला शिंका येत. गुरुजी विचारत, घरी तपकीर ओढतोस काय.

१९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली येथेच महामार्ग अडवला, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. बैलगाड्या, माणसे, चुली, असे एक गावच रस्त्यावर वसले होते, आणि आज्जीसारख्या बायका तेथे भाकऱ्या पोचवीत. एप्रिलमध्ये गोळीबार झाला, त्या वेळी मी तिच्याबरोबर होतो. तिने मला एका बंद वखारीच्या भिंतीआड ओढले आणि माझ्या तोंडावर पदर दाबला. पदराला तंबाखूचा इतका उग्र वास होता की मला शिंकांवर शिंका येऊ लागल्या, आणि आवाज होऊ नये म्हणून ती माझ्या दंडाला चिमटे काढीत राहिली. बाहेर काय घडले ते मी पाहिलेले नाही. बारा शेतकरी गेले हे नंतर कळले. संघटनेची वर्गणी तिने त्यानंतरही कधी चुकवली नाही. मला मात्र कित्येक महिने त्या रस्त्याच्या बाजूला फिरकू दिले नाही, आणि आपण स्वतः कोठे जाते हे कधी सांगितले नाही.

तेव्हा ज्या घरातील बाई आपले नाव कागदावर यावे म्हणून भांडली, त्या घरातील बाप मुलीचे नाव कागदावर येऊ नये म्हणून पत्र लिहितो, हे मला सुचलेले नाही असे समजू नकोस. सुचले आहे. तरीही वखारीचा हजेरीपट वेगळा आणि ठाण्यातील यादी वेगळी, हे तुला मान्य करावे लागेल.

म्हणून काही गोष्टी नीट लक्षात ठेव. गेल्या वर्षीच्या जुलैपासून कायद्यांची नावे बदलली, पण या तरतुदी तशाच आहेत. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, ती घेऊ नये असे कायदाच सांगतो. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अगदी अपवाद म्हणून करायची झाली तर महिला अधिकारी असावी लागते आणि दंडाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी लागते. अटक झालीच तर चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. बाईला उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो, तसा १९८७ चा कायदा आहे, आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ तर तुमच्या धारवाडातच आहे. सभेची परवानगी लेखी घ्या. ध्वनिक्षेपकाची वेगळी घ्या. निवेदन दिले की पोच घेतल्याशिवाय जागचे हलू नका, आणि पोचेवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक तिन्ही आहेत की नाहीत ते पाहा.

हे पुन्हा व्याख्यान झाले. त्याबद्दल क्षमा कर. तीस वर्षे वर्गात उभे राहिल्यावर माणसाला साधे बोलता येत नाही, असे तुझी आई म्हणते. परवा तू मला "अण्णा, तुम्ही नुसते अर्जदार आहात" असे म्हणालीस, ते मला लागले, पण ते खोटे नाही. एखाद्या भागात १५ टक्के लोक अल्पसंख्य भाषेचे असले तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात, या एका गोष्टीसाठी मी जेवढे अर्ज केले, त्यांच्या पोचा कपाटातील दोन खोक्यांत आहेत. सूचना अजून मराठीत येत नाहीत. परंतु प्रत्येक पोचेवर माझे नाव, माझी सही आणि त्यांचा शिक्का आहे, त्यामुळे आम्हाला कोणी विचारलेच नाही असे त्यांना म्हणता येत नाही. तुमचे ताट वाजवणे आणि माझा अर्ज यांत तू समजतेस तेवढे अंतर नाही.

आणखी एक गोष्ट, भाषणात उपयोगी पडेल म्हणून लिहितो. १९२५ साली बाबासाहेब आंबेडकर बहिष्कृत वर्गाच्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून आपल्या निपाणीला आले होते. त्यानंतर काही वर्षांतच त्यांनी धारवाडला दलित विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले आणि बळवंतराव वराळे यांनी ते सांभाळले. पोटाला अन्न आणि डोक्यावर छप्पर असल्याशिवाय मूल शिकत नाही, हे ज्या गावात जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी ओळखले गेले, त्याच गावात आज चौघींच्या खोलीत नऊ मुली निजतात, असे म्हणालीस तर अधिकाऱ्याला मान खाली घालावी लागेल. हे आमच्या कन्नडच्या सरांकडून शुद्ध कन्नडमध्ये लिहून घेऊन सोबत जोडले आहे. तुला भाषणापासून परावृत्त करण्यासाठी पत्र लिहायला बसलो होतो आणि भाषणाचा मसुदा जोडून पाठवीत आहे, हे आईला सांगू नकोस.

गौरी ३१ तारखेला, रविवारी आहेत. शनिवारी कार्यक्रम संपला की रात्री निघू नकोस. सकाळच्या बसने ये, मी स्टँडवर असेन. सोबत त्या न्हाणीघराची कडी आणि खिळे पाठवीत आहे, सुताराची वाट न पाहता तुम्हीच ठोकून घ्या.

आणि पत्रकाबद्दल. ते अजून छापून आले नसेल तर माझे ऐकावेस असे अजूनही वाटते. पण नाव घालायचेच ठरले असेल तर वर्तमानपत्रात आले तसे नुसते सुजाता, निपाणी असे घालू नका. मध्ये माझे नाव घालून, आडनावासह, पूर्ण छापा. म्हणजे चौकशीला जो कोणी येईल तो वसतिगृहात न जाता आधी माझ्या दारात येईल.

तुझे,
अण्णा

ता.क. आई विचारते आहे की ताटे वसतिगृहाची होती की आपले घरचे स्टीलचे ताटही त्यात होते. ते असेल तर येताना घेऊन ये.