आधी मराठी फायली, मग नवी प्रणाली : माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : विंडोज १० ची जुनी यंत्रे लिनक्सवर नेण्याआधी करायची कामे

महोदय,

विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. कार्यालयांतली आणि शाळांतली चौथ्या-पाचव्या पिढीची यंत्रे त्यात बसत नाहीत. पैसे भरून अपडेट मिळतात, पण कार्यालयांना यंत्रामागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, मग दर वर्षी दुप्पट, आणि तेही तीनच वर्षे. ही यंत्रे भंगारात न घालता लिनक्स या मोफत संगणक प्रणालीवर न्यावीत, असे आमचे स्पष्ट मत आहे. ८ जीबी रॅम आणि २४० जीबीची एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी बसणारी वेगवान डिस्क) घातली की दहा वर्षांचे यंत्र कार्यालयीन कामाला पुरते. जुनी हार्ड डिस्क तशीच ठेवली, तर कोणतीही प्रणाली टाका, ते रखडतच चालणार.

लिनक्स बसवणे अर्ध्या-पाऊण तासाचे काम आहे. गाडे अडते ते मराठी फायलींपाशी.

कृतीदेव, श्रीलिपी, सुरेख या जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या फायलीत मराठी अक्षर साठवलेलेच नसते. कृतीदेवमध्ये पडद्यावर ‘महा’ दिसते, तेव्हा फायलीत ई, जी आणि के ही तीन रोमन अक्षरे असतात; मराठी रूप फक्त फॉन्ट देतो. नव्या यंत्रावर तो फॉन्ट नसला की अख्खे पत्र रोमन अक्षरांचा चिवडा होते. फॉन्ट कॉपी करून टाकला तर पान दिसते, पण ‘फेरफार’ शब्द शोधला तर सापडत नाही, आणि फाइल दुसऱ्या कार्यालयात गेली की पुन्हा तेच.

म्हणून युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरच साठवणाऱ्या प्रमाण पद्धतीत, रूपांतर हवे, आणि तिथे घाई नको. कृतीदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी असते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचे उलट. ‘कर्म’मधला रफार म ओलांडून मागे न्यावा लागतो, ‘वर्षी’मधला वेलांटी आणि ष दोन्ही ओलांडून. हिंदीसाठी बनवलेली रूपांतरके इथवर ठीक चालतात, पण मराठीतला ‘ऱ्य’ त्यांना ठाऊक नसतो आणि ‘कर्मचाऱ्यांना’चे ‘कर्मचार्यांना’ होते. आचाऱ्याला बोलावले की आचार्याला, हा फरक शासनाच्या कागदावर पुसला जाता कामा नये. मराठी ओळीत इंग्रजी नाव किंवा ईमेल असेल आणि फॉन्ट न पाहता सगळा मजकूर एकदम फिरवला, तर इंग्रजीचाही विचका होतो. रूपांतर प्रत्येक तुकड्याच्या फॉन्टचे नाव पाहूनच करावे. रकमा, गट क्रमांक आणि नावे माणसाने मूळ छापील प्रतीशी ताडावीत. आणि हे सगळे जुन्या यंत्रावर, फॉन्ट शाबूत असतानाच उरकावे. डिस्क पुसल्यावर ताडायला मूळच उरत नाही.

फॉन्ट बदलला की पानाची मांडणीही हलते. विंडोजमधल्या मंगल फॉन्टची ओळ उंच असते, त्यामुळे दुसरा फॉन्ट लागला की मजकूर वर-खाली सरकतो आणि सहीची जागा एकटीच दुसऱ्या पानावर जाते. राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रासारखा एकच मुक्त फॉन्ट ठरवून तो दोन्ही प्रणालींवर सारखा बसवावा.

कळफलकाकडे सर्वांत कमी लक्ष जाते. मिनिटाला ३० शब्दांच्या वेगाची परीक्षा दिलेल्या लिपिकाचा हात टंकलेखन यंत्राच्या रेमिंग्टन मांडणीवर बसलेला असतो. नव्या यंत्रावर नुसता इनस्क्रिप्ट हा वेगळ्या मांडणीचा कळफलक आला, तर त्याचा वेग पहिल्याच दिवशी कोसळतो आणि दोष लिनक्सला लागतो. आयबस आणि एम-सेव्हन्टीन-एन हे लिनक्सवरचे टंकनाचे प्रोग्राम घातले की दोन्ही मांडण्या मिळतात. त्या आधीच घालून, लिपिकाला त्यावर एक पान टाइप करायला लावून मगच यंत्र ताब्यात द्यावे.

डिजिटल सहीचे टोकन (संगणकाला जोडायची यूएसबी किल्ली) यादीत दिसणे वेगळे आणि सही होणे वेगळे. टोकनचा लिनक्स ड्रायव्हर बहुधा मिळतो, पण संकेतस्थळाशी बोलणारा सहीचा जोडप्रोग्राम कधी कधी फक्त विंडोजसाठीच असतो. प्रत्येक संकेतस्थळावर एक खरी सही शेवटपर्यंत करून पाहावी. तोवर दर कार्यालयात सहीपुरते एक विंडोज ११ यंत्र राहू द्यावे. एकाच यंत्रावर दोन्ही प्रणाली ठेवल्या तर घड्याळ साडेपाच तासांनी चुकते, कारण लिनक्स यंत्रातल्या घड्याळात जागतिक वेळ लिहिते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. सहीवर मग चुकीची वेळ उमटते. दोघांपैकी एकाची सेटिंग बदलली की प्रश्न मिटतो, पण बसवणाऱ्याला हे माहीत हवे.

छोट्या लेझर प्रिंटरपैकी कितीतरी स्वतः पान रचत नाहीत, ते काम संगणकातल्या ड्रायव्हरवर सोडतात. लिनक्स ड्रायव्हर नसेल तर तो प्रिंटर निरुपयोगी. मॉडेलनिहाय यादी आधी करावी.

जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, सुमारे १५,००० यंत्रे बदलली आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचे ठरवले. तिथे पत्रांच्या साच्यांसाठी वोलमक्स हा वेगळा प्रोग्राम लिहावा लागला होता. आपल्याकडे एक्सेलमधले मॅक्रो (ठरलेली कामे आपोआप करणाऱ्या सूचना) असलेली पगारपत्रके हेच दुखणे ठरतील. त्यामुळे लिब्रेऑफिस हा वर्ड-एक्सेलच्या जागी चालणारा मोफत प्रोग्राम आधी विंडोजवरच तीन महिने वापरायला द्यावे. जे मॅक्रो मोडतील ते तेव्हाच कळतील, आणि प्रणाली बदलताना लिपिकाला पडद्यावर निम्मे तरी ओळखीचे दिसेल.

सुरुवात प्रत्येक विभागातल्या एका तहसील कार्यालयापासून करावी, आणि मार्चअखेरच्या कामात कुठल्याही लेखा शाखेच्या यंत्राला हात लावू नये. यंत्रांच्या निविदेत फायलींचे रूपांतर आणि ताडणी यांसाठी वेगळी रक्कम धरावी, एवढी आमची पहिली मागणी आहे.

आपले नम्र,
मराठी संगणनाचे काम करणारे काही तंत्रज्ञ